सगळ्या चिप्स टेबलावर

नमिता गोव्याच्या कॅसिनोत पत्ते वाटायला शिकली आणि आईसाठी पेणला परत आली. तिचे वडील जन्मभर मिठागरात राबलेले. थंड हॉलमधली, काळ्या कोटातली नोकरी घरात पहिलीच. रोह्याजवळच्या एका फार्महाउसवर नीलकंठरावांनी पोकरचा क्लब काढला होता. बाहेर पाटी रिसॉर्टची. टेबलं सांभाळायची, तंटे सोडवायचे, नियम पाळायला लावायचे, हे नमिताचं काम.

सगळ्यात जास्त भांडणं एकाच नियमावरून व्हायची. टेबल बदलायचं तर समोरच्या सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांच्या बदल्यात मिळालेल्या चकत्या, सगळ्यांना दिसतील अशा ट्रेमधून न्यायच्या. खिशात एकही ठेवायची नाही. जिंकलेलं सगळं डावावर राहिलं पाहिजे, समोर बसेल त्याला ते जिंकायची संधी मिळाली पाहिजे. ते नको असेल तर चिप्स द्या, पैसे घ्या आणि घरी जा.

"इथं येव नको," असं तिनं धाकट्या भावाला, हरेशला, बजावलं होतं. तो डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. भट्टीच्या धगीला कंटाळलेला, जुना का होईना पण स्वतःचा टेम्पो घ्यायचा ध्यास लागलेला. एका रविवारी दुपारी मित्रांबरोबर आलाच. आणि त्या दिवशी पत्ता त्याच्यावर असा काही मेहेरबान झाला, की त्याच्यापुढे चिप्सचे मनोरे उभे राहिले.

तासाभरानं त्याच्या टेबलावरची माणसं पांगली. खेळायचं तर मोठ्या टेबलावर जाणं भाग होतं. तिथं नीलकंठरावांचा पुतण्या विराज बसलेला. हरेश ट्रे घेऊन उठला, आणि उठता उठता त्यानं मूठभर चिप्स पँटच्या खिशात सोडल्या. नमितानं ते पाहिलं, आणि मान वळवली.

पण विराजनंही पाहिलं होतं.

"मॅडम, नियम फक्त आम्हालाच का? की भावाला सूट?"

थोड्याच वेळापूर्वी विराज स्वतः पलीकडच्या टेबलावरून आला होता, आणि त्याच्या जाकिटाचा खिसा चांगला फुगलेला होता. तेव्हा ती पुढे झाली, तर नीलकंठरावांनी लांबूनच हात हलवला होता: राहू दे.

ती हरेशजवळ गेली. खालच्या आवाजात म्हणाली, "उठ. पैसे घे नि घरा जा. तुझा टेम्पो झाला."

"आनि खेळायचा असल तर?"

"तर खिशातलं टेबलावर ठेव."

"त्याच्या खिशातला दिसला नाय तुला, ताय?"

नमितानं नीलकंठरावांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये बघत होते. तिच्या तोंडाशी शब्द आले होते, "विराजसाहेब, तुमच्याही." ते तिथंच राहिले.

"ठेव, हरेश," ती म्हणाली.

त्यानं खिसा उलटा केला. काही चिप्स जमिनीवर घरंगळल्या. त्या वाकून तिनंच उचलल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. मग तो ईर्ष्येनं खेळला, पत्ते बघून नव्हे, विराजच्या तोंडाकडे बघून. दुसऱ्याच डावात त्यानं सगळं पुढं लोटलं. विराजनं पत्ते उघडले आणि दोन्ही हातांनी ढीग ओढून घेतला. हरेश उठला आणि तिच्या अगदी जवळून, तिच्याकडे न बघता, निघून गेला.

भाऊबीजेला तो आला नाही. त्यांची आई पुतळी ओवाळणीचं ताट मांडून बसली होती. दुपार कलली तशी तिनं विचारलं, "काय गो, येवढा काय केलास त्याला?"

"काय नाय. नियम सांगितला."

"नियम? सख्ख्या भावाला?"

नमितानं मांडलेलं ताट उचलून आत नेलं. त्याच आठवड्यात नीलकंठरावांनी सगळ्या कामगारांना हॉलमध्ये जमवून तिचा पगार वाढवला. "नमिताकडनं शिका," ते म्हणाले. "हिनं स्वतःच्या भावाची गय केली नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी उभा राहून विराजही वाजवत होता, आणि नमिता मान लववून त्याच्याकडे बघून हसली.