मास्तरांचं अस्तर

“देवाचं नाव नको हो काकू,” बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या. “ते तुमच्या तोंडातलं. यांच्या आवडीचा शब्द सांगा. आवडता शब्द जिभेवर आधी येतो.”

मास्तर खुर्चीत बसले होते. जन्मभर कोट शिवलेला उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना सगळं कळत होतं, पण तोंडून शब्द फुटत नव्हता. बायकोनं मुलांची नावं घेऊन पाहिली, ‘पाणी’ म्हणून पाहिलं, ‘चहा’ म्हणून पाहिलं. मास्तर आपले भिंतीकडे बघत होते.

“तुम्हाला काय हाक मारायचे?”

“मला? ‘अगं’.” तिला हसू आलं. “जन्मभर तेवढंच. नावानं कधी नाही.”

“मग तेच घेऊ.”

‘अगं’ही आलं नाही. तिनं त्यांच्या ओठांचा कोपरा टिपला. ही एवढी हाक परत दे, बाकी काही मागत नाही, असं तिनं देवाला सांगून ठेवलं होतं. पण आज वेगळंच बोचलं. या माणसाचं पथ्यपाणी ठाऊक, रागलोभ ठाऊक, आणि आवडता शब्द तेवढा ठाऊक नाही!

संध्याकाळी मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करणाऱ्या मावशी भेटायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, “काय मास्तर, आम्हाला कामाला जुंपून तुमचा आराम चाललाय होय?”

बायकोनं मास्तरांचा आवडता शब्द मावशींनाच विचारला.

“एवढंच ना? अस्तर!”

“अस्तर?”

“अहो वहिनी, आम्ही चिडवायचोसुद्धा, मास्तरांचं अस्तर म्हणून. कोट झाला की आधी उलटा करायचे. वरचं कापड लोकांसाठी, म्हणायचे, अंगाला लागतं ते अस्तर. नीट बसलं तर त्याची आठवणही होत नाही, चुकलं तर दिवसभर टोचतं. आणि शब्द बघा कसा मऊ, म्हणायचे, बोट फिरवल्यासारखा.”

“घरी कधी बोलले नाहीत.”

“घरी कशाला बोलतील? घरी जेवायला येत होते ते!”

मावशींनी पिशवीतून अस्तराचा एक तुकडा काढून मास्तरांच्या डाव्या हातात दिला. बोटं कापडावरून फिरली, थांबली. मग ओठ हलले.

“अस्...”

मावशी पुढचं सांगणार, तोच बायकोनं हात दाबून त्यांना थांबवलं.

“...तर.”

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. बायको मात्र खाली वाकली. “आता ‘अगं’ म्हणा.”

“अस्तर,” मास्तर म्हणाले.

मग सगळ्यालाच अस्तर. पाण्याला अस्तर, उशीला अस्तर, लेकीचा फोन आला तरी अस्तर. पुढे ‘नको’ आलं, ‘बास’ आलं. ‘अगं’ काही आलं नाही.

सकाळची प्रार्थना होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. एके दिवशी ती अशीच डोळे मिटून बसली होती. आतून हाक आली, “अस्तर!”

पाणी ती त्यांच्या उशाशी ठेवून आली होती. उशीही सारखी करून आली होती. मागण्यासारखं तिथं काही राहिलं नव्हतं. मग ही हाक कोणाला?

“अस्तर!” आता जरा अधीर.

तिनं प्रार्थना अर्धीच ठेवून डोळे उघडले.

“ओ,” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.