वामन वैजापूरकरांचा सिनेमा

सदाशिवराव वैजापूरकरांचे डोळे काचबिंदूने गेले, पण सिनेमाचं वेड काही गेलं नाही. उलट वाढलंच. पूर्वी महिन्यातून एखादा सिनेमा बघणारा माणूस आता आठवड्याला दोन-दोन ऐकू लागला, आणि त्याची शिक्षा झाली नातीला. मनस्विनी ऑफिसातून येऊन चहा घेते न घेते तोच आजोबांची हाक यायची, "मनू, लाव गं." मग ती टीव्हीसमोर त्यांच्या कानाशी लागून बसायची. संवाद त्यांना ऐकू यायचे. संवाद थांबून नुसतं संगीत सुरू झालं की ते विचारायचे, "काय चाललंय?" आणि ती सांगायची: जिना चढतोय, पिस्तूल बॅगेत आहे, बाई खिडकीतून बघतेय. पडद्यावरच्या सिनेमापेक्षा मनूच्या तोंडचा सिनेमा बरा असतो, असं आजोबा येईल त्याला सांगायचे.

त्यातही त्यांना लढाईचे सिनेमे हवेत, आणि तेसुद्धा एकाच तऱ्हेचे. फौजेतल्याच कुणीतरी फौजेविरुद्ध उठायला हवं. हुकूम झुगारणारा कप्तान, तोफेला बत्ती द्यायला नकार देणारा गोलंदाज, साहेबाविरुद्ध कट करणारे चार शिपाई. देश कुठलाही चालायचा, भाषा कुठलीही. असला सिनेमा बघताना बाकीचे लोक विचारतात, कट तडीला जातो का? आजोबा विचारायचे, "सांगणारा कोण निघाला?"

या वेडाचं कारण घरातच भिंतीवर फोटोच्या चौकटीत टांगलेलं होतं. आजोबांचे वडील वामनराव दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर इंग्रजांच्या एका पलटणीत कारकून होते. तिथं एकदा शत्रूच्या बाजूने लढताना पकडलेल्या हिंदी सैनिकांवर गोळ्या चालवायचा हुकूम आला. पलटणीतल्या तीन शिपायांनी ठरवलं की आपल्याच माणसांवर बंदूक उचलायची नाही, रात्रीतून कैद्यांना सोडून द्यायचं. कुणीतरी चुगली केली आणि ते तिघेच सकाळी भिंतीशी उभे राहिले. चौथे वामनराव. ते कटात होते, पण त्या रात्री मलेरियाने आडवे झाले होते म्हणून वाचले. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं, आणि सोसायटीतल्या प्रत्येकालाही. दर पंधरा ऑगस्टला सोसायटीचे सेक्रेटरी गोकुळ काका झेंडा फडकला की आजोबांना शाल आणि नारळ द्यायचे. नारळ त्याच दिवशी खोबऱ्याच्या वड्यांत जायचे. शालींनी मात्र कपाटाचा अख्खा कप्पा अडवला होता, आणि आजोबा त्यातली एकही कधी पांघरत नसत.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक दिग्दर्शक आला आणि दोन दुपारी आजोबांजवळ बसून गेला. मनस्विनी तेव्हा ऑफिसात होती. तिला संध्याकाळी एवढंच कळलं की आईच्या हातचे पोहे त्याने मागून घेतले. आता सिनेमा लागणार होता. आजोबांनी रविवारच्या दुपारच्या खेळाला सोसायटीच्या चाळीसेक लोकांची तिकिटं काढायला लावली, पांढरा सदरा इस्त्रीला दिला आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. लग्नघरातल्या वरबापासारखी त्यांची लगबग चालली होती.

शुक्रवारी पुण्याहून तिच्या चुलतभावाचा, चिन्मयचा फोन आला. त्याने पहिलाच खेळ बघितला होता. तो म्हणाला, "मनू, आजोबांना नेऊ नकोस. चुगली करणारा आपलाच पणजोबा दाखवलाय. नावसुद्धा बदललेलं नाही." दिग्दर्शकावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकायच्या गोष्टी तो करत होता. घरचं मीठ खाऊन गेलेल्या माणसाने थरारासाठी एक फितूर हवा म्हणून त्यांचा माणूस उचलला होता. वयाची चौऱ्याऐंशी वर्षं बापाचा फोटो उराशी धरून बसलेल्या म्हाताऱ्याला हे आता भर थिएटरात कळणार होतं.

तिने न जाण्याची गोष्ट काढून बघितली. गर्दी असेल, ऊन आहे, ओटीटीवर येईलच. आजोबा ऐकून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, रिक्षा किती वाजता सांगितलीस? शनिवारी रात्री ती चिन्मयशी पुन्हा बोलली. पणजोबा चुगली करतात तो प्रसंग कसा घेतलाय, हे तिने खोदून खोदून विचारलं. त्यात एकही शब्द नाही, नुसता पाऊस आणि ढोल आहेत. आणि सिनेमा संपेपर्यंत कुणी सांगितलं हे कुणाच्या तोंडी येत नाही. एवढं कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आजोबांना तिच्या डोळ्यांनीच दिसत होतं. मग ती सांगेल तेच ते बघणार होते. सोसायटीच्या लोकांना ती नंतर एकेकाला गाठून हात जोडणार होती.

थिएटरच्या दारात आजोबांनी एका चाळिशीच्या माणसाचा हात हातात घेतला आणि ओळख करून दिली, "हे संघपाल. शेंद्र्याचे, तिथंच कंपनीत असतात. माझे खास पाहुणे आहेत, माझ्या शेजारी बसतील." मनस्विनीला वाटलं, असतील कुणी जुन्या ओळखीतले. संघपाल अवघडल्यासारखे हसले आणि आजोबांच्या डाव्या हाताला बसले. उजव्या हाताला ती.

सिनेमा वाईट नव्हता, हेच तर वाईट होतं. तिन्ही शिपाई सुरेख उभे केले होते, त्यातला शेंद्र्याचा सखाराम तर असा की त्याने पडद्यावर विडी पेटवली तरी लोक खूश. तिने आजोबांना सगळं इमानेइतबारे सांगितलं: चिखल, खंदक, कैद्यांच्या बांधलेल्या हातांवर बसलेल्या माश्या. मग तो प्रसंग आला. तंबूवर पाऊस कोसळतोय, ढोल वाजतायत. वामन झालेला नट साहेबासमोर टोपी काढून उभा राहतो आणि तंबूच्या फटीतून शेकोटीशी बसलेल्या तिघांकडे बोट दाखवतो. एकेकाकडे, सावकाश.

"काय चाललंय?" आजोबांनी विचारलं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. पणजोबा तापाने फणफणलेत, तिने सांगितलं. अंथरुणातून उठायला बघतात, पाय धरत नाहीत. तिघांना सावध करायचंय त्यांना, पण दारापर्यंतसुद्धा पोचत नाहीत.

"मग साहेबाला सांगितलं कुणी?"

"ते दाखवलं नाही, आजोबा."

"दाखवलंच नाही?"

"नाही."

आजोबांनी तिच्या हातातला आपला हात काढून घेतला. पुढच्या रांगेत सोसायटीतली माणसं हळूच माना वळवून त्यांच्याकडे बघत होती आणि पुन्हा समोर बघत होती. भिंतीशी उभे असलेले तिघे कोसळले तेव्हा आजोबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मनस्विनीला भरून आलं. बापाच्या अभिमानाने रडतायत, असं तिला वाटलं, आणि आपण केलं ते बरोबरच केलं याची तिला खात्री पटली.

दिवे लागले. कुणी टाळी वाजवली नाही. गोकुळ काका चप्पल शोधायच्या निमित्ताने खाली वाकले ते वर येईनात. संघपाल मात्र उठून आजोबांसमोर उभे राहिले आणि थांबले. काहीतरी घ्यायला आल्यासारखे ते थांबले होते. आजोबा उभे राहिले, त्यांचे ओठ हलले, आणि मग त्यांनी हात जोडून म्हटलं, "चांगला झालाय ना सिनेमा?"

संघपालांनी त्यांच्याकडे बघितलं, मनस्विनीकडे बघितलं आणि ते निघून गेले.

घरी आल्यावर आजोबा इस्त्रीच्या सदऱ्यातच कॉटवर बसून राहिले. तिने पाणी दिलं ते तसंच राहिलं. मग ते म्हणाले, "त्यानंही कच खाल्ली."

"कुणी?"

"सिनेमावाल्यानं. मी त्याला सगळं खरं सांगितलं होतं. म्हटलं, नाव बदलू नका, काही झाकू नका. माझ्या वडिलांनी त्या तिघांना दाखवून दिलं."

आजोबा सांगत राहिले. ताप खरा होता, पण आधीच्या आठवड्यातला. वडिलांनी मरणाच्या आदल्या दिवशी त्यांना जवळ बसवून सांगितलं होतं की मला घरी यायचं होतं रे, तू दोन वर्षांचा होतास. ते ऐकूनही आजोबांनी पुढे जन्मभर शाली घेतल्या. पहिल्या वर्षी नाही म्हणता आलं नाही, आणि मग दरवर्षी ते अधिकच अवघड होत गेलं. सरकारने सखारामच्या घरी कळवलं होतं की तुमचा माणूस पलटण सोडून पळाला. संघपाल त्याच सखारामचा नातू. सिनेमा झाल्यावर मला तुमच्याशी चारचौघांत बोलायचंय, असं सांगून आजोबांनी त्याला बोलावला होता.

"पहिलं वाक्य बोलायची माझ्यात हिंमत नाही, मनू. म्हणून तर सिनेमावाल्याला गाठला. पडद्यावर ते बोललं गेलं असतं, की मला उभं राहून फक्त 'होय' म्हणायचं होतं. तेवढं मी म्हटलं असतं."

तिने सांगून टाकलं. पडद्यावर काय होतं आणि तिने काय सांगितलं, सगळं. टोपी, तंबूची फट, ते बोट. सांगताना तिला रडू आवरेना. आजोबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे संघपालनं ते सगळं बघितलं, आणि मग मी त्याला विचारलं, सिनेमा चांगला झालाय ना?"

"होय."

त्यांनी फोन लावायला सांगितला. संघपालांनी उचलला. आजोबा बोलू लागले, पण दोन वाक्यांतच पलीकडून आवाज आला, "आजोबा, तुम्ही आता सांगताय ते मी दुपारीच बघितलं. तुमच्या तोंडाकडं बघत उभा व्हतो मी." मनस्विनीने फोन घेतला आणि चूक आपली, त्यांना काही ठाऊक नव्हतं, हे सांगितलं.

"ताई, तुम्ही तुमच्या घराची अब्रू झाकली," संघपाल म्हणाले. "आमचा आजा अजून उघडाच पडलाय. फोनवर नको. शेंद्र्याला या म्हणावं, लोकांसमोर बोला."

पुढच्या रविवारी आजोबा शेंद्र्याला गेले. मनस्विनी चप्पल घालून दारात तयार उभी होती. आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू नको येऊस. तिथं मला सांभाळून घ्यायला कुणी नको." आणि ज्या माणसाने त्यांना इतक्या शाली दिल्या त्या गोकुळ काकांचा दंड धरून ते गाडीत बसले.

तिथं काय झालं ते तिला गोकुळ काकांकडूनच कळलं. विहारासमोरच्या अंगणात माणसं जमली होती. आजोबा उभे राहिले आणि पहिलं वाक्य त्यांनी स्वतः उच्चारलं. त्याला फार वेळ लागला, पण कुणी उठून गेलं नाही. त्यांचं बोलून झाल्यावर सखारामची सून, संघपालांची आई सत्यभामाबाई पुढे आली. तिने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, चहा हातात दिला आणि म्हणाली, "माझी सासू मरेस्तोवर सांगायची, माझा मालक पळाला नसंल. गावात कुणी मानलं नाय. तुमचे वडील गेले तवा ती जित्ती व्हती, बाबा. तवाच आला असता, तर तिनं कानानं ऐकलं असतं."

यावर आजोबा काय म्हणाले, असं मनस्विनीने विचारलं. गोकुळ काका म्हणाले, चहा सगळा प्यायले, आणि येताना गाडीत वाटेतलं चिकलठाणं येईपर्यंत रडत होते.

सोसायटीत कुणी काही बोललं नाही. चिन्मयने दाव्याचा विषय पुन्हा काढला नाही. आजोबांचा आवाज पूर्वीपेक्षा मोकळा झाला, भूक सुधारली, रात्री झोप लागू लागली. संध्याकाळी टीव्हीही पुन्हा सुरू झाला. लढाईचाच सिनेमा, मनस्विनी नेहमीच्या जागी, त्यांच्या कानाशी. संवाद थांबले, नुसतं संगीत वाजू लागलं, ती वाट बघत राहिली. आजोबांनी विचारलं नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा तिला राहवलं नाही. तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, की तो कुंपणाखालून सरपटतोय, पलीकडे पहारेकरी आहे.

"राहू दे, मनू," आजोबा फार मायेने म्हणाले. "ऐकू येतंय तेवढं पुरे आता."

पडद्यावर तो माणूस पलीकडे पोचला, त्याने मागे वळून बघितलं आणि तो धावत सुटला. मनस्विनी बघत राहिली. शेजारी आजोबा मान किंचित तिरकी करून पावलांचा आवाज ऐकत होते.