सुट्टीतली चव

मण्यावरची पांढुरकी लव अंगठ्याने पुसली गेली आणि आतला उजेड दिसायला लागला – हिरवा नाही, पिवळाही नाही, मधलाच काहीतरी, ज्याला नाव द्यायच्या भानगडीत खंडेराव कधी पडला नव्हता. चिमटीत द्राक्षाचा मणी धरून तो मांडवाखाली उभा होता. पानांतून फेब्रुवारीचं सकाळचं ऊन गळत होतं, सोलवटलेल्या तळपायांना चपलेतूनही माती टोचत होती, आणि मणी तोंडात टाकायचा धीर होत नव्हता. तीस वर्षांत किती मणी चाखले, थुंकले, गिळले… आणि आज एवढ्याशा मण्यापुढे छातीत धडधड. हसू येण्यासारखंच होतं, पण हसू येत नव्हतं.

आज गोळी न घेतल्याचा पाचवा दिवस होता.

तीन वर्षांपूर्वी नाशिकला त्याची डावी किडनी काढली, नंतर छातीच्या तपासणीत दोन डाग दिसले, तेव्हा ही नारिंगी टोपीची गोळी सुरू झाली – चार आठवडे गोळी, दोन आठवडे सुट्टी, पुन्हा चार आठवडे. किती दिवस, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, चालेल तोवर. गोळी आहे तोवर डाग झोपलेत, त्यांना झोपू द्या. हे बोलणं खंडेरावच्या मनात घर करून बसलं. छातीत दोन लेकरं दुपारची झोपली आहेत अशा बेताने तो वावरायला लागला – दार हळू लोटायचं, खोकला आला तरी दाबून… वेडेपणाच, पण त्या वेडेपणात त्याला बरं वाटायचं. गोळीने पाय सोलवटले, कातडी पिवळी पडली, दुपारी तीननंतर हातपाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटायला लागले. मिशीला तर पट्टे पडले. गोळीच्या दिवसांत उगवलेला केस पांढरा, सुट्टीत उगवलेला काळा. गावातले म्हणायचे, नाना, तुमच्या मिशीवर पंचांग वाचता येतं. तोही हसायचा. ते सगळं त्याने चालवून घेतलं होतं.

चवीचं मात्र चालवून घेता आलं नाही. गोळीच्या दिवसांत जिभेवर जणू लोखंडाचा खिळा ठेवलेला असायचा. भाकरी, गूळ, साधं पाणीसुद्धा त्या खिळ्याला घासून आत जायचं. सुट्टीत जीभ हळूहळू जागी व्हायची… आधी मीठ, मग आंबट, आणि अगदी शेवटी, उशिरा, दारातच घुटमळत, गोड. ते नीट घरात यावं तोवर पुन्हा गोळी सुरू.

दिंडोरीच्या या बाजूला साखर मोजायचं यंत्र आता घरोघरी आहे. त्याचा मुलगा हर्षल रसाचा थेंब काचेवर टाकतो, यंत्र डोळ्याला लावतो, आकडा सांगतो. पण आकडा सांगून झाला की तो बापाकडे बघतो, आणि दरवर्षी माल नेणारे जीवनशेठही बघतात – नाना, काय म्हणता? मग नानांनी मणी तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, झाली. बाग झाली. त्यानंतरच घडांचा खुडा. शेतात राबायचं सुटलं, ट्रॅक्टरवर बसायचं सुटलं, तरी हा एक शब्द त्याच्याकडे राहिला होता.

गेल्या वर्षी खुड्याला गोळीचे दिवस आले. त्याने मणी घोळवला, डोळे मिटले, खिळ्यापलीकडे काही लागलं नाही, आणि तो म्हणाला, झाली. चक्क खोटं. नंतर कितीतरी दिवस तो फोनकडे बघत बसला – आता शेठ म्हणणार, माल आंबट निघाला. फोन आला, पण माल साखरेसारखा आहे हे सांगायला. सगळे खूश, आणि खंडेरावला मात्र भरून आलं, ते सुखाने नव्हे. माझ्या जिभेवाचून काही अडलंच नाही. मग इतकी वर्षं डोळे मिटून काय सोंग करत होतो मी… म्हणून यंदा मण्यांत गोडी भरायला लागली तशी त्याने आपली सुट्टी आपणच अलीकडे ओढली. सकाळी कुसाबाई, त्याची बायको, हातावर गोळी ठेवते, पाण्याचा तांब्या देते. गोळी गालात धरायची, पाणी प्यायचं, मोटरच्या खोलीत जायचं, आणि छाटणीच्या जुन्या कात्र्यांच्या डब्यात ती थुंकायची. काल दुपारी बांधावर बसला असताना छातीत कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटलं. भीती वाटली. तरी आज सकाळची गोळीही डब्यातच गेली.

ऊन मण्यातून आरपार जात होतं. असाच एक मणी… लग्नाच्या वर्षी, ही बाग नव्हती, विहिरीच्या कडेला चार वेल होते फक्त, आणि त्याने नव्या नवरीला कच्चा मणी खायला देऊन विचारलं होतं, कसा हे? कुसा म्हणाली, गोड हे. म्हणताना तिचा डावा डोळा आपोआप बारीक झाला. कितीतरी दिवस तो तिला तो डोळा करून चिडवायचा. पोरगी खोटं बोलते पण डोळा बोलत नाही… ते वेल कधी काढले? आठवत नाही, विहिरीतल्या पाण्याचा वास तेवढा आठवतो.

“चला, खाऊन घ्या,” कुसाबाई म्हणाली. ती कधी येऊन बसली ते कळलंच नाही. फडक्यातून बाजरीची भाकरी निघाली, मेथीची भाजी निघाली. खंडेरावने मणी तसाच डाव्या मुठीत ठेवला आणि खायला बसला. जीवनशेठ दहाला येतो म्हणालेत, हर्षल त्यांना रस्त्यावरून घेऊन येणार आहे, असं ती सांगत होती, पाणी ओतत होती, आणि त्याचं मन अजून विहिरीकडेच होतं.

“मीठ जास्त पडलंय गं आज,” तो म्हणाला.

पाणी ओतणारा हात थांबला.

तीन वर्षांत त्याने भाजीला नाव ठेवलं नव्हतं. एकदा तर आमटीत मीठ घालायचंच राहिलं, तो दोन वाट्या प्यायला आणि झकास म्हणाला, आणि मागून स्वतः जेवायला बसल्यावर ती पहिल्या घासालाच रडली होती. आपल्याला मीठ कळलं याचा तिला आनंद होईल असं क्षणभर त्याला वाटलं, मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. गोळीच्या तिसऱ्या आठवड्यात मीठ कळत नसतं, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“किती दिस झाले?”

“पाच.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कुठे टाकल्या ते विचारलं, मोटरच्या खोलीत गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या तळहातावर आज सकाळची गोळी होती, अजून आकार न सुटलेली, पदराने पुसलेली. तिने ती त्याच्या उजव्या हातात ठेवली. शेठ येऊन जाऊ दे, लगेच घेतो, एकदा नीट सांगू दे मला त्यांना, गेल्या साली मी खोटं बोललो होतो – असं काहीबाही तो बोलत गेला.

“ठाऊक हे मला,” कुसाबाई म्हणाली. “तुम्ही झाली म्हणलात, मी मागनं मणी खाऊन पाह्यला. लय आंबट होता. हर्षलला म्हणलं, खुड्याला माणसं मिळत नाय म्हणून सांग शेठला, चार दिस थांब.”

खरंच, चार दिवस माणसं आली नव्हती. त्याने त्या चार दिवसांत माणसांना किती शिव्या घातल्या होत्या… कानशिलं तापली. म्हणजे हिला ठाऊक, हर्षलला ठाऊक, आणि मी डोळे मिटून देवासारखा उभा.

“मग मला का नाय बोलली?”

“काय बोलू? एवढं एकच तर ऱ्हायलं होतं तुमचं.”

राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्या दोन्हींच्या तळाशी काहीतरी सैल होत होतं, ओझं दुसऱ्या खांद्यावर गेल्यावर आधीचा खांदा थोडा वेळ वर वर जात राहतो तसं. वर्षभर आपण एकटेच आहोत असं समजून बसलो होतो. तिच्या जिभेने माझा शब्द खरा करून ठेवला होता.

“शेठ जाऊ दे,” तो पुन्हा म्हणाला, पण त्यात आता जोर नव्हता.

“डाग थांबतील का शेठसाठी?”

तिने हात वर करून घडाच्या खांद्याजवळचा एक मणी तोडला, तोंडात टाकला. त्यानेही मूठ उघडली, कोमट झालेला मणी जिभेवर ठेवला, दातांत धरला… आणि आलं. आधी थोडंसं लोखंड, मग त्याच्या मागून गोड, पातळ, लांबून येणारं, खरं गोड. आणि ते गिळता गिळता घशापाशी एक बारीक आंबट धार. चार दिवस. अजून चार दिवस. त्याने नेहमीसारखे डोळे मिटले नाहीत. तो तिच्याकडे बघत होता. तिचा डावा डोळा किंचित बारीक झाला.

“चार दिस लागतील,” ती म्हणाली.

बोलायला तोंड उघडलं असतं तर चव गेली असती. रस्त्यावर गाडी वळल्याचा आवाज आला, हर्षलचं बोलणं ऐकू आलं. आता शेठ विचारतील, नाना, काय म्हणता… विचारू दे. गोळी हाताच्या घामाने मऊ होत चालली होती, छातीत दोन्ही लेकरं निजलेली की जागी ते कळत नव्हतं, आणि कुसाबाई तांब्या पुढे धरून उभी होती, त्याच्या तोंडातलं गोड विरायची वाट बघत. ते अजून विरत नव्हतं.