डक्टमधली शिट्टी

चादरीची दोन टोकं मुठीत धरून ती मागे मागे सरकत गेली. समोरची दोन टोकं रेडिओच्या हातात होती. दोघींनी एकदम झटका दिला, चादर मधोमध फुगली आणि फटकन खाली बसली. मग पुढे यायचं, टोकाला टोक भिडवायचं, पुन्हा मागे जायचं. इस्पितळाच्या धुलाईघरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाच नाच. दोन बायका एकमेकींकडे येतात, बोटांना बोटं लागतात, आणि पुन्हा लांब जातात.

रेडिओचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. सकाळी आत पाऊल टाकताच ती सुरू व्हायची ती थेट संध्याकाळी पायात चपला सरकवेपर्यंत. तिला गप्प करणारी एकच गोष्ट त्या जागेत होती, भिंतीला लागून उभे असलेले ते अजस्र ड्रायर. ते फिरायला लागले की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच चादरीच्या अलीकडच्या टोकाला ती शिट्टी वाजवायची.

कुणालाच ऐकू जायची नाही, तिची तिलाही धड नाही. रेडिओला फक्त ओठांचा चंबू दिसायचा. "काय फुंकतेस गं ताई सारखी? चहा पोळला का?" असं तिनं मागे एकदा विचारलंही होतं. ड्रायर थांबायच्या आधी त्याचा आवाज जरासा खाली बसतो, दमलेल्या माणसानं खुर्चीत अंग टाकावं तसा. तो बसला की ती ओठ मिटून घ्यायची. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

आत्ताही आवाज बसला, तिचे ओठ मिटले, आणि रेडिओ जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली.

"तर मी काय म्हणत होते, गुरुवारी अर्धी रजा कशाला टाकलीस?"

"दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"दुखतोय?"

"नाही. हे..." तिनं तोंडावर हात नेला. "ही पुढची फट बुजवून घ्यायचीये."

रेडिओनं चादर ढिली सोडली. "आता? मेलं अर्धं आयुष्य त्या फटीतून वारं खेळवलंस, आणि आता बुजवायची? कुणासाठी गं?"

"कुणासाठी कशाला? माझ्यासाठी."

"हं," रेडिओ म्हणाली. तिचा तो 'हं' तिच्या दिवसभराच्या बोलण्यापेक्षा लांब होता.

फटीचा इतिहास जुना होता. लहानपणी भाऊ तिला बघितलं की ओरडायचा, "दार लाव गं, वारा येतोय!" सगळं घर हसायचं, तीही हसायची, आणि हसताना दार आणखी उघडायचं. पुढे कधीतरी तिनं हसताना तोंडावर हात धरायला सुरुवात केली. घरातल्या प्रत्येक फोटोत तिचा एक हात तोंडावर होता. नवखा माणूस अल्बम चाळायला बसला तर त्याला वाटावं, या बाईला जन्मभर शिंक येत होती.

शिट्टी मात्र वडिलांची. ते दाढी करताना आरशासमोर वाजवायचे, ऐकून ऐकून तीही शिकली. आईनं एकदा ऐकलं आणि म्हणाली, "शिट्ट्या कसल्या मारतेस? तू काय रखवालदार आहेस?" विषय संपला. पुढे वडील गेले, भाऊ दुसऱ्या गावी गेला. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करण्यात तिची उमेदीची वर्षं कशी सरली ते तिचं तिलाच कळलं नाही. मग आईही गेली. घर असं शांत झालं की नळ ठिबकला तरी कुणी आलं की काय वाटावं. चादरीची घडी दोघींची असते, पण घरी एकटीनं घडी घालायची म्हणून ती दोन टोकं दाराच्या कडीला अडकवायची आणि उरलेली दोन धरून मागे जायची. कडी बिचारी पुढे येत नाही, म्हणून सगळी पावलं हिनंच टाकायची.

अशाच एका सकाळी न्हाणीघरात कपडे पिळताना तिनं सहज शिट्टी वाजवली. वडिलांच्याच एका तुकड्याला स्वतःची शेपटी जोडून बनवलेली चाल होती ती. कुणाची म्हणावी अशी नव्हतीच. आता अडवायला कोण होतं? न्हाणीघराची झडप डक्टमध्ये उघडायची. सगळ्या मजल्यांचे पाइप, वास आणि भांडणं त्या डक्टमधूनच ये-जा करायची. तिची शिट्टीही गेली असावी.

बऱ्याच दिवसांनी, कधीतरी वरून उत्तर आलं.

तीच चाल. वरून, जरा घुमलेली. ती ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. चाल तिचीच, पण एका ठिकाणी वेगळी. चढावर गेलेला स्वर तिथे मधेच तुटायचा, क्षणभर नुसती हवा यायची, आणि मग तो पुन्हा जुळायचा. जिना उतरताना पायरी चुकावी आणि तेवढ्यात कठडा हाताला लागावा, तसं. ऐकलं की तिचे पिळते हात आपोआप थांबायचे. इतक्या सरळ चालीत ही जागा कुणाला सुचली असेल? तिला स्वतःला जन्मात सुचली नसती.

वरच्या मजल्यावर एक ताठ कण्याचे गृहस्थ एकटेच राहायचे. जिन्यात दिसले की मान हलवायचे, पुढे काही नाही. त्यांच्या चालण्यावरून तिनं मनातल्या मनात त्यांना 'कॅप्टन' करून टाकलं होतं. बहुतेक बोटीवर असणार. समुद्रावर माणसं शिट्ट्या वाजवत असतील, दुसरं करायचं तरी काय?

मग रोज सकाळी ती वाजवायची, वरून उत्तर यायचं. कधी लगेच, कधी ती चहाला बसल्यावर. ती आता पातेल्यातून उभ्याउभ्या खायचं सोडून ताट वाढून घ्यायला लागली. खिडकीचे पडदे धुतले. एकसारखे दोन कप आणले, कारण जोडीनंच मिळत होते, असं तिनं स्वतःला सांगितलं. वर जाऊन बोलायचं हेही ठरवलं. पण बोलायचं म्हणजे हसायचं आलं, आणि हसायचं म्हणजे हात आला. आधी दार बुजवून घेऊ, मग जाऊ. म्हणून गुरुवार.

मंगळवारी संध्याकाळी ती कामावरून परतली तेव्हा तिच्या गॅलरीच्या कठड्यावर एक कापड लटकत होतं. वरून पडलेलं. आयुष्य कापड हाताळण्यात गेलेल्या बाईला ते काय आहे ते सांगता येईना. गोल शिवलेलं, जाड, गडद निळं, वरच्या बाजूला मधोमध भोक. उशीचा अभ्रा म्हणावा तर गोल कसा, आणि टोपी म्हणावी तर एवढं डोकं कुणाचं? तिनं ते धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. गोल कापडाची घडी कशी घालायची यावर बराच वेळ घालवला. बुधवारी संध्याकाळी केस नीट करून, ओठ मिटून हसायचा आरशात सराव करून, ती वर गेली.

दार त्यांनीच उघडलं.

"हे तुमचं पडलं होतं आमच्याकडे."

"अरे! मी सगळं घर शोधून दमलो." त्यांनी कापड उलगडून पाहिलं. "इस्त्रीसुद्धा केलीत? याला पहिल्यांदाच इस्त्री झाली असेल. बरं झालं आणून दिलंत. काल झाकण नाही म्हणून ती झोपली नाही, आणि मलाही झोपू दिलं नाही."

"ती?"

ते बाजूला झाले. आत, डक्टकडच्या खिडकीशी, एक पिंजरा टांगलेला होता. पिंजऱ्यात पिवळ्या चोचीची काळी मैना. तिनं मान वाकडी करून एका डोळ्यानं पाहुणीला नीट न्याहाळलं, अंग फुलवलं, आणि शिट्टी वाजवली. तीच चाल. चढावरचा स्वर तुटला, हवा गेली, पुन्हा जुळला.

तिनं पिंजऱ्याकडून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही... तुम्ही नाही वाजवत?"

"मी?" ते हसले. "अहो, वरखाली दोन्हीकडे कवळी आहे. मी शिट्टी मारायला गेलो तर आधी दात बाहेर पडायचे. आणि चपलांच्या दुकानात सगळा जन्म गेला, तिथे शिट्टी मारली तर गिऱ्हाईक तोंडात देईल."

म्हणजे बोटसुद्धा नव्हती.

"हिची मालकीण गेली तेव्हापासून ही मुकी होती," ते पिंजऱ्याकडे बघत म्हणाले. "आता कुठे हे शिकली. खालून कुणीतरी वाजवतं. तुम्ही खालीच राहता ना? कोण असतं हो?"

"असेल कुणीतरी," ती म्हणाली.

"मला वाटतं, कुणी तरुण पोरगा असावा. गंमत सांगतो. ते मधे अडखळते ना ही, मला वाटलं म्हातारी झाली, छातीत बिघाड झाला. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेली. तो म्हणाला, पक्षी ठणठणीत आहे. मैना पदरचं काही घालत नाही. जिचं ऐकते तीच व्यक्ती अडखळत असेल."

जीभ आपोआप पुढच्या दोन दातांमधे गेली होती.

"भेटला तो कधी तर एक निरोप द्याल?"

आता बंद कर म्हणून सांगणार, तिला वाटलं. तिनं मान हलवली.

"सुट्टीच्या दिवशी उशीर करत जाऊ नको म्हणावं. ही रुसून बसते." त्यांनी निळं कापड छातीशी धरलं. "मग घरात दोघंही गप्प."

त्यांनी मान हलवली, नेहमी जिन्यात हलवायचे तशीच, आणि दार लावून घेतलं.

खाली आल्यावर तिनं दिवा लावला नाही. दोन कपांपैकी एक फडताळात मागे ढकलला, आणि भात पातेल्यातूनच खाल्ला. कोणासाठी केस विंचरले? एका पाखरासाठी. तेही दुसऱ्याच्या. इतके महिने ती रोज सकाळी एका माणसाशी बोलत होती आणि तिकडे माणूसच नव्हता. सगळी पावलं हिनंच टाकली होती, त्या चादरीसारखी.

सकाळी तिनं शिट्टी वाजवली नाही. बादली भरली, कपडे बुडवले, पिळले. डक्टमधून कुणाची तरी फोडणी आली, कुणाचं तरी खाकरणं आलं. आणि मग, कुणी न विचारताच, वरून ती चाल आली.

तिनं ऐकायचं नाही ठरवलं होतं. पण चढ आला, स्वर तुटला, आणि पिळते हात थांबायचे ते थांबलेच. माणूस नाही हे ठाऊक असूनही.

तिनं बादलीतलं पाणी ओतून दिलं. मग तिनं रिकामी बादली उचलली, चक्क आत तोंड घातलं आणि शिट्टी वाजवली. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर इस्पितळात दुसऱ्याच विभागात भरती केलं असतं. पण बादलीनं आवाज बाहेर जाऊ दिला नाही, जसाच्या तसा परत तिच्या कानात ओतला. आणि पहिल्यांदाच तिनं स्वतःला दुसऱ्याच्या कानानं ऐकलं. चढ. दोन दातांमधून सटकलेली हवा. पुन्हा जुळलेला स्वर.

तिनं परत वाजवली. परत तुटला, परत तिथेच जुळला.

बादली खाली ठेवून ती हसली. तोंडावर न्यायला दोन्ही हात मोकळे होते, पण ते तसेच मांडीवर राहिले.

दुपारी धुलाईघरात रेडिओनं घड्याळाकडे बोट दाखवलं. "ए ताई, अर्धी रजा ना तुझी? निघ की. डॉक्टर सुया परजून बसला असेल."

"आधी ह्या चादरी होऊ देत."

"अगं, पण तुझी ती फट?"

उत्तर ऐकू येण्याआधी ड्रायर सुरू झाले. दोघींनी टोकं धरली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. रेडिओला नेहमीप्रमाणे समोर ओठांचा चंबू दिसत होता. बरीच चळत लागली. मग ड्रायरचा आवाज जरासा खाली बसला.

ओठ मिटले नाहीत.

ड्रायर थांबला. त्या एवढ्या मोठ्या, वाफेनं भरलेल्या खोलीत शिट्टी एकटीच उरली, उघडी. इस्त्रीवाल्यांच्या माना वळल्या. कपड्यांची गाडी ढकलणारा बाबा गाडीसकट थांबला. तिचे कान लाल झाले होते, चादर धरलेल्या मुठी घट्ट झाल्या होत्या, पण चाल पुढे गेली, चढली, तुटली, जुळली, आणि शेपटीपर्यंत पोचली.

ड्रायर थांबूनही रेडिओ सुरू झाली नव्हती. तिची चादर हातातून सुटायला आली होती.

"ताई," शेवटी ती हळूच म्हणाली, "हे मधे काय झालं गं?"

"कुठे?"

"ते वर जाताना. अडखळल्यासारखं."

"ते तसंच आहे," ती म्हणाली. "तू टोक सोडू नकोस."