बिनअंगाऱ्याची कार्डं

भागिरथा एस्टीतून उतरली तेव्हा कडूनिंबाखाली सगळं गाव गोळा झालं होतं. गुरुवार होता. निंबाला टांगलेल्या लाल टपालपेटीला हार घातलेला होता, नारळ फुटत होते आणि पेटीबाबा डोळे मिटून ओरडत होता, "चिठ्ठी किसकी?"

"मालक की!" गाव ओरडलं.

"पोचवणार कोण?"

"मालक!"

भिवाजी त्या गर्दीत नव्हता. तो जब्बार शिंप्याच्या दुकानापुढे बसला होता. लेकीला पाहून तो उठला नाही.

"झाली सवड?" तो म्हणाला.

"काहून बाबा, येऊ नये काय?" भागिरथा हसली. तिने पिशवीतून तांबडं स्वेटर काढलं. "हे पाह्य. आईसाठी मीनं सोता विणलं. तिले थंडी लय बाधते ना. घरी हाय का वावरात गेली?"

जब्बारचं मशीन थांबलं. भिवाजीच्या मनात महिनाभर साठलेला राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही.

"तुले कार्ड नाई भेटलं?"

"कोन्तं कार्ड?"

"आई बिमार हाय म्हणून धाडलं थे. आन् मंग... दुसरं."

"दुसरं कायचं, बाबा?"

मास्तरांकडून जे लिहून घेतलं होतं, ते भिवाजीला भर रस्त्यात तोंडाने सांगावं लागलं. भागिरथा स्वेटर हातात धरून तशीच उभी राहिली. पलीकडे अजून एक नारळ फुटला.

भागिरथेची आई गंगू तापाने गेली होती. छाती भरली होती. तालुक्याच्या डॉक्टरने सुया दिल्या, पण उतार पडला नाही. भागिरथेचा नवरा बल्लारशाकडे कोळशाच्या खाणीत होता. भिवाजीने पहिलं कार्ड लगेच टाकलं. मग रोज एस्टीचा हॉर्न वाजला की गंगू विचारायची, "आली काय?" भिवाजी म्हणायचा, "येईन ना पोरगी." शेवटी शेवटी तिने हॉर्नकडे कान देणं सोडलं. एकदा एवढंच म्हणाली, "पोरीले माह्या राग आला असंन का हो? लग्नात मी तिले बोलली होती." भिवाजीने तिच्या अंगावरचं घोंगडं सारखं केलं. त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं.

पेटीबाबा श्रावणात आला होता. कुठून आला, कोणी विचारलं नाही. निंबाखाली बसला आणि म्हणाला की या पेटीत मालक उतरला आहे, पण उपाशी आहे. त्याच्या तोंडात दर गुरुवारी तेल-शेंदूर घाला. गावाने घातला. थोड्याच दिवसांत पत्रं पोचेनाशी झाली. तेव्हा बाबा म्हणाला, "बिनअंगाऱ्याची चिठ्ठी मालक ठेवून घेतो. अंगारा चोळा, मग पाहा." लोकांनी नारळ आणि पायलीभर ज्वारी देऊन अंगारा घेतला, पत्राला दोन्हीकडून चोळला, आणि पत्रं खरोखर पोचली. उत्तरंही आली. मग काय विचारता! पंजाबराव पाटलांनी बाबाला राहायला गोठ्याशेजारची खोली दिली.

भिवाजी बौद्ध. छप्पन्न साली देव सोडले ते सोडले. तो अंगाऱ्याला गेला नाही. बाबा त्याला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "ज्यानं देव सोडला, त्याची चिठ्ठी देवानं सोडली."

भागिरथा रडली, जेवली नाही, आणि सकाळी सरळ जब्बारच्या दुकानात आली.

"चाचा, तुमची पत्रं जातात का हो?"

"कायची जातात, बेटी! हैदराबादले भाईले तीन धाडले. जवाब नाई."

"तुमी अंगारा लावता?"

"मी कायले लावू?"

भागिरथेने दोन कार्डं घेतली. दोन्हींवर बापाचंच नाव घातलं. एक तसंच ठेवलं. दुसऱ्याला चुलीतली राख चोळली, गंगू ज्या चुलीशी बसायची त्या चुलीतली. भिवाजी पाहत राहिला.

"हे काय करून राह्यली वं?"

"मालक अंगाऱ्याले भुलते का राखेले, थे पाहू द्या."

तिने दोन्ही कार्डं एकदमच पेटीत टाकली. जगदेव पोस्टमन पेटी उघडून टपाल घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी वाटायला आला. भिवाजीच्या हातात त्याने एकच कार्ड दिलं. राखेचं.

त्या दिवशीही निंबाखाली दहा-वीस माणसं होतीच. भागिरथा ते कार्ड घेऊन बाबासमोर उभी राहिली.

"बाबा, चुलीच्या राखेचा मंतर कोन्ता हो?"

बाबा हसला. "मालकाची दया झाली तुझ्यावर, माई."

"मंग नारळ कायले फोडता? गावात चुली काय कमी हायत?"

कोणीतरी खिदळलं. पंजाबराव गरजले, "ए पोरी, देवाची थट्टा करतं काय?"

तेव्हा भिवाजी पुढे आला. तो कधी चारचौघांत बोलत नसे. "जगदेवभाऊ, पेटी उघड. दुसरं कार्ड आतच असंन, हात वरत घालून पाह्य."

"वरत कसा घालू गा? खाली पडते थे मी घेतो. वरत देवाचं तोंड हाय, हात लावू नोको म्हणून बाबानं बजावलं."

"थेच तं! काहून बजावलं?"

बाबा उठला. "भस्म होशील, जगदेव!"

जगदेवने पेटी उघडली आणि हात वर घातला. पेटीच्या तोंडाखाली आत तिरपा पत्रा असतो, पत्र त्यावरून घसरून खाली पडतं. त्या पत्र्यावर महिन्यांचा तेल-शेंदूर ओघळून चिकट लगदा झाला होता. कोरडी राख लावलेलं पत्र त्यावरून घसरे. बाकीचं तिथेच चिकटे, आणि त्यावर पुढचं. जगदेवने ओढली तेव्हा शेंदराने माखलेली चवडच निघाली.

तिच्यात जब्बारची पत्रं होती. बौद्धवस्तीतली होती. आणि मरणाची खूण म्हणून कोपरा फाडलेली कितीतरी कार्डं होती. मयताच्या कार्डाला देवाचा अंगारा कोण लावणार? सुतकात बाबाकडे कोण जाणार? श्रावणापासून गावातली एकही मरणाची बातमी पत्राने गावाबाहेर गेलेली नव्हती.

एक कार्ड पंजाबरावांचं होतं. त्यांची आई वारली तेव्हाचं, बहिणीच्या नावाचं. ती तेराव्यालाही आली नाही म्हणून त्यांनी तिला माहेर बंद केलं होतं. पंजाबराव ते कार्ड उलटंसुलटं करत राहिले.

"भागवाबाईले गेलंच नाई हे," ते स्वतःशीच म्हणाले. मग वळले. "बाबा, तेल घालाले तुमीनंच सांगतलं. हात नोका लावू, हेही तुमीनंच."

बाबा झोळी शोधत होता. त्याला कोणी मारलं नाही. मारायला कोणाला सुचलंच नाही, जो तो आपलं कार्ड शोधत होता. सांजच्या एस्टीने तो निघून गेला, आणि ज्या गावी उतरेल तिथेही एखादी पेटी असेलच.

जब्बार आणि भिवाजीने रॉकेलच्या चिंधीने पत्रा लख्ख पुसला. गोजराबाई नारळ घेऊन आली होती, ती म्हणाली, "आता बिनअंगाऱ्याचं जाईन का खरंच?"

"टाकून पाह्य, माय," भागिरथा म्हणाली. "नाई गेलं तं आत हात घालून पाह्य. देवाले इचारू नोको."

एवढंच खरं आहे. जे अडलं, ते कुठे अडलं ते पाहावं. पाहू नका असं जो सांगतो, त्याच्याकडे आधी पाहावं. श्रावणात कोणी एकाने तो हात वर घातला असता तर पुरलं असतं.

जगदेवने बाकीची कार्डं शिक्के मारून पुढे धाडली. भिवाजीने तिला धाडलेली दोन भागिरथेने ठेवून घेतली. जाताना ती स्वेटर बापाच्या खाटेवर ठेवून गेली. त्याला ते आखूड होतं, तरी तो घालायचा.

पेटी आता चालते. पोरीचा राग नव्हता, हे गंगूला सांगायचं राहिलं आहे.