मोटारी बंद, गिरणी चालू

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा गुरुजींनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तो असा काही जपायला घेतला की पोटच्या लेकरांनाही कधी एवढं जपलं नसेल. आभाळात ढग दिसला की प्लग काढ. लाइट गेली की प्लग काढ, आणि आली तरी दिवा नीट जळतोय की लुकलुकतोय हे बघितल्याशिवाय लावायचा नाही. या सगळ्यातून उरला तर टीव्ही बघायचा. मी एकदा म्हटलंसुद्धा, देव्हाऱ्यातच ठेवा ना, तिथं प्लगच नाही. त्यावर त्यांनी उठून टीव्हीवर आणखी एक कापड घातलं.

पेडगावच्या पुढं आमचं गाव. गव्हाला पाणी सुरू झालं की शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू व्हायच्या आणि घरातला दिवा चिमणीपेक्षा मंद जळायचा. टीव्हीवरचं चित्र चहूबाजूंनी आक्रसून जायचं. म्हणून गुरुजींनी परभणीहून स्टॅबिलायझर आणला. लोखंडी डबा, त्यावर व्होल्टेज दाखवणारा काटा आणि एक गोल खटका. व्होल्टेज पडला की खटका पुढं फिरवायचा, वाढला की मागं. मागं फिरवायची वेळ आमच्या गावात कधी आलीच नव्हती. खटका कायम शेवटच्या आकड्यावर.

त्यात घराला लागून विजेवरची पिठाची गिरणी. ती सुरू झाली की आक्रसलेलं चित्र वर लोळायलाही लागायचं. गुरुजी ओट्यावर जाऊन ओरडायचे, "सटवाजी, बातम्या तरी होऊ द्या!" गिरणीचा मालक परभणीला राहायचा, चालवायचा सटवाजी. तो आतून म्हणायचा, "लोकायला भाकरी लागती गुरुजी, बातम्या न्हाई."

सटवाजीची लेक सुजाता परभणीच्या कॉलेजात शिकत होती, एनसीसीत होती. अठ्ठ्याऐंशी साली सव्वीस जानेवारीच्या दिल्लीच्या परेडसाठी तिची निवड झाली. टीव्ही गावात एकट्या आमच्याकडं. सटवाजी आणि त्याची बायको चतुराबाई दोघं दारात येऊन उभी राहिली. "परेड बघू द्याल का?" म्हणाली. गुरुजी म्हणाले, "विचारायचं काय? सगळ्यात पुढं तुमीच बसायचं."

बातमी गावभर झाली. सगळ्यात जास्त मोटारी किशनरावांच्या. त्यांनीच पारावर सांगितलं, "परेड सुरू झाली की कुणी मोटार चालवायची न्हाई. आपल्या गावची पोर हाय, चित्र साफ दिसलं पायजे." नामांतराच्या दंगलीनंतर याच गावाचं आणि सटवाजीच्या वस्तीचं कितीतरी दिवस बोलणं बंद होतं, पाणीसुद्धा वेगळं झालं होतं. त्या गावात सटवाजीच्या लेकीसाठी मोटारी बंद होणार, हे ऐकून मला खरंच भरून आलं. या चांगुलपणाचं पुढं काय होईल, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. गुरुजींच्याही नाही.

त्या दिवशी शाळेतलं झेंडावंदन उरकून सगळं गाव आमच्या घरात. सटवाजीनं गिरणी बंद ठेवलेली, धुतलेला सदरा घातलेला, चतुराबाईच्या शेजारी मांडी घालून बसलेला. टीव्ही लावला तेव्हा मोटारी चालूच होत्या. चित्र आक्रसलेलं, खटका शेवटच्या आकड्यावर. मग परेड सुरू झाली आणि ठरल्याप्रमाणे शेतात थांबलेल्या गड्यांनी शिवारातल्या मोटारी एकामागून एक बंद केल्या.

दिवा भसकन पांढरा झाला. चित्र पसरून पडद्याबाहेर जायला लागलं आणि डब्यातून जळका वास आला. काटा पार तांबड्यात. गुरुजींनी खटका मागं, मागं, पहिल्या आकड्यापर्यंत आणला, तरी काटा तांबड्यातच. त्यांनी टीव्ही बंद केला.

"अवो गुरुजी!" सगळे ओरडले.

"जळून जाईल! मग पोर काय राखेत बघायची?" गुरुजी म्हणाले. सगळ्या मोटारींचा भार एकदम उतरला आणि व्होल्टेज उसळला, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. मी सेलवरचा रेडिओ लावला. त्यावर परेडचं वर्णन चालू होतं, फौजेच्या तुकड्या जात होत्या. एनसीसी त्यांच्या मागून. शेतात निरोप जाऊन मोटारी परत चालू होईपर्यंत दिल्लीचा रस्ता रिकामा झाला असता. चतुराबाई बंद पडद्याकडं बघत होती, जणू तेवढ्यानं तो लागणार होता.

आणि जो माणूस वर्षभर गिरणीच्या नावानं बोटं मोडत होता, तोच ओरडला, "गिरणी! सटवाजी, गिरणी चालू करा! भार पडला की व्होल्टेज खाली येईल!"

सटवाजी उठला. किशनराव म्हणाले, "चालू करून ये लगीच."

"येता यायचं न्हाई," सटवाजी म्हणाला. "पट्टा जुना झालाय, धरून उभं ऱ्हावं लागतंय. दुसऱ्याच्या हाती दिली तर हात जाईल कुणाचा तरी." त्यानं टीव्हीकडं एकदा बघितलं आणि गेला. मी आमच्या ज्वारीचं घमेलं घेऊन त्याच्या मागं पळाले, कारण रिकामी गिरणी चालवली तर दगडावर दगड घासतो.

मी परत आले तोवर गिरणी घरघरायला लागली होती. दिवा मंद झाला, काटा तांबड्यातून खाली उतरला. गुरुजींनी टीव्ही लावला. एवढं साफ चित्र आमच्या घरात त्याआधी कधी दिसलं नव्हतं.

आणि एनसीसीच्या मुली आल्या. सगळ्या एकसारख्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या. कुठली कुणाची लेक, काही कळत नव्हतं. लोक ओरडत होते, ही बघा, न्हाई ती बघा. चतुराबाईनं पहिल्याच रांगेला पदर डोळ्यांना लावला. हमसून हमसून रडत होती बिचारी. तुकडी निघून गेली, पुढं चित्ररथ आले, तेव्हा कुठं तिनं पदर काढला.

गिरणी थांबली. सटवाजी दारात आला. धुतलेला सदरा पिठानं भरलेला.

"दिसली का?" त्यानं विचारलं.

"दिसली की," चतुराबाई म्हणाली.

"कशी?"

"लय रुबाबात. पुढच्याच रांगंत व्हती. बूट कसे आपटायली व्हती, टीव्हीतून आवाज येत व्हता." ती सांगत राहिली, टोपी कशी होती, पट्टा कसा चमकत होता. मी तिच्या शेजारीच बसले होते. सटवाजी सगळं मान हलवत ऐकत होता.

"आन मान?" तो हळूच म्हणाला. "चालताना मान खाली घालायची सवय हाय तिला. लहानपणापासून. तसं न्हाई ना केलं तिथं?"

"न्हाई," चतुराबाई म्हणाली. "वर व्हती मान. पार वर."

तेवढं मात्र खरं होतं, मी पाहिलं होतं. त्या तुकडीत मान खाली घातलेली एकही पोर नव्हती.