दोऱ्याचं टोक

आमचे हे शिंपी. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो, आणि रागावले की मीही तेच म्हणते. आतड्याला भोक पडलं म्हणून त्यांचं पोट उघडावं लागलं, तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. कारण थोरले दीर. त्यांचंही ऑपरेशन पोटाचंच, झालंही होतं झकास. मग जखम पिकली, पू आत उतरला, आणि धडधाकट माणूस हातचा गेला.

डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, पोट शिवायला आम्ही जंतुनाशक औषधाचा लेप दिलेला दोरा वापरलाय, त्याने जखम पिकायचा धोका कमी होतो. कमी होतो, संपत नाही, हेही त्यांनी बजावलं. जखमेला हात लावायचा नाही, कोरडी ठेवायची, लाली, ताप, पाणी काहीही दिसलं की लगेच यायचं. मी जिवाचा कान करून ऐकलं. ह्यांनी ऐकला तो फक्त दोरा. केवढ्या जाडीचा, गाठ कशी मारता, धुतला तर औषध निघून जातं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट धुवायला टाकायचं नसतं, मास्तर.

घरी आलो आणि येईल त्याच्यापुढे ह्यांचं दोरापुराण सुरू. औषध लावलेला दोरा आहे म्हणे, मला काय धाड भरलीय! लगेच सदरा वर. मी म्हणायची, अहो, ते पोट आहे, दुकानातला नमुना नाही. ऐकतील तर शपथ.

टाके कातडीच्या आतून घातलेले, त्यामुळे वरून नुसती रेघ दिसायची. फक्त खालच्या बाजूला दोऱ्याचं इवलंसं टोक बाहेर आलेलं. ते तसंच राहू दे, तपासायला याल तेव्हा आम्ही बघू, असं सिस्टरने सांगितलं होतं. पण सुटं टोक दिसलं की ह्यांचे हात शिवशिवतात. रांगेत पुढे उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या कॉलरचा दोरासुद्धा हे तोडतात, आणि वर त्यालाच शिलाईवरून बोल लावतात.

एका सकाळी शेजारचे भाऊजी आले. गप्पा झाल्या, चहा झाला, आणि ह्यांनी सदरा काही वर केला नाही. भाऊजी गेले तसा मीच वर केला. टोक जागेवर नव्हतं. तिथली कातडी लालबुंद, हात ठेवला तर चटका बसावा इतकी गरम.

म्हणाले, जरासं ओढलं आणि मुळाशी कापलं, काम अर्धवट वाटत होतं गं. आणि कशाने कापलं, तर दुकानातल्या कात्रीने! खडूच्या भुकटीत आणि मशीनच्या तेलात लोळणारी कात्री ती. मी तोंडाला येईल ते बोलले. अंग तापलेलं होतं तरी ह्यांचं आपलं एकच, दोऱ्याला औषध आहे ना.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तशी ह्यांनी मान खाली घातली.

"दादाही असाच नुसतं दाखवायला गेला होता," हे म्हणाले. "परत आला नाही."

"दादांनी उशीर केला होता," मी म्हटलं. "चप्पल घाला."

डॉक्टरीणबाईंनी जखम दाबली तर पू आला. कोणी हात लावला होता का, त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, गप्प बस म्हणून. मी कसली गप्प बसते. कात्री लावली ह्यांनी, सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आतला थर उसवला असेल तर पुन्हा ऑपरेशन, म्हणाल्या. भुलीचं इंजेक्शन देऊन त्यांनी रेघेचा खालचा भाग उघडला आणि आत तपासायला लागल्या. मला थोरल्या दिरांचा चेहरा दिसायला लागला.

"आतली शिवण घट्ट आहे," अखेर त्या म्हणाल्या. "पू वरच्या वरच आहे."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि पदर तोंडाशी धरून रडले.

आता हे एवढं उघडंच ठेवायचं, रोज आतून स्वच्छ करायचं, खालून भरत भरत येईल, असं त्यांनी समजावलं. वरून बंद केलं तर घाण आत कोंडेल. शिवणारच नाही का, ह्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हणाल्या.

सिस्टर गॉज घेऊन आली. ह्यांनी मान उचलून ती उघडी जागा पाहिली आणि चेहरा पांढराफटक पडला. उजव्या हाताचा अंगठा, सुई धरल्यासारखा, बोटावर नुसता घासत होता. मग दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"धर," म्हणाले. "घट्ट धर. माझा माझ्यावर भरवसा नाही."

एवढ्या संसारात ह्या माणसाने मला कधी धर म्हटलं नव्हतं. मी धरले. झालं, असं सिस्टर म्हणाली, तरी सोडले नाहीत.